अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र : वर्गाला थांबण्याची मुभा द्या

प्रति,
अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांविषयी निर्णय घेणाऱ्या सर्व मंडळांचे व समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

गेली चोवीस वर्षे मी पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते आहे. एवढ्या काळात अभ्यासक्रम अनेकदा बदलला, पाठ्यपुस्तकांची मांडणी बदलली, मूल्यमापनाच्या पद्धती बदलल्या, आणि प्रत्येक बदलाबरोबर प्रशिक्षणे, परिपत्रके व भरायचे नवे तक्ते आले. त्यांतील बऱ्याच कल्पना चांगल्या होत्या, हे मी मनापासून मान्य करते. कृतीतून शिक्षण, प्रकल्प, गटकार्य, सातत्यपूर्ण मूल्यमापन आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने, यांपैकी कशालाही माझा तत्त्वतः विरोध नाही. अडचण अशी आहे की, यांतील प्रत्येक गोष्ट वर्गात आली तेव्हा तिला जागा करून देण्यासाठी आधीचे काहीच काढलेले नव्हते. शिकवायची पाने तेवढीच राहिली किंवा वाढली, तासांची संख्या तीच राहिली आणि वर्षअखेरीस शिक्षकाला विचारला जाणारा प्रश्नही तोच राहिला : भाग पूर्ण झाला का? या एका प्रश्नामुळे वर्गात काय घडते ते आपल्यापुढे मांडावे आणि काही घटक कमी करून वर्गाला थांबायला वेळ द्यावा, अशी मागणी करावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलीची वही मी तपासत होते. ५२ वजा २७ याचे उत्तर तिने ३५ लिहिले होते. त्याखाली ८१ वजा ४६ बरोबर ४५, ६३ वजा २८ बरोबर ४५ आणि ७० वजा ३४ बरोबर ४४ असे होते. ६८ वजा २५ याचे ४३ हे उत्तर मात्र अचूक होते. एरवी मी चार फुल्या आणि एक बरोबरची खूण केली असती, ‘वजाबाकीचा सराव करावा’ असा शेरा लिहिला असता आणि पुढची वही ओढली असती. त्या दिवशी मी तिला जवळ बोलावले आणि पहिले उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगितले. ती म्हणाली, “बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले.” चुकलेल्या चारही उदाहरणांत तिने नेमके हेच केले होते, आणि जिथे हातचा घ्यावा लागत नाही तेवढे एक उदाहरण बरोबर आले होते.

हे असे करायचे कोणी सांगितले, असे विचारल्यावर ती गोंधळली, कारण तिच्या दृष्टीने तो शाळेतच शिकवलेला नियम होता : मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. हे वाक्य लहान वर्गांत आम्ही जवळजवळ सगळेच शिक्षक उच्चारतो. तिने ते संपूर्ण संख्येऐवजी एकेका अंकाला लावले होते आणि तीन वर्षे इमानेइतबारे पाळले होते. या तीन वर्षांत तिला शेकडो फुल्या मिळाल्या असतील, परंतु त्या फुल्यांमधून तिचा नियम चुकतो आहे हे तिला कळायला काहीच मार्ग नव्हता. अमेरिकेतील ब्राऊन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतील चुकांचा बारकाईने अभ्यास करून हेच दाखवून दिले होते की, अशा अनेक चुका निष्काळजीपणातून होत नसतात. मूल एखादी चुकीची रीत मनाशी पक्की करते आणि ती अगदी नेमाने वापरत राहते. शिक्षकाने ती रीत शोधली तर मुलाचे पुढचे सगळे गणित सावरते, आणि न शोधता केवळ सराव वाढवला तर चुकीचीच उजळणी होत राहते.

मी तिच्यापुढे काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि त्यांतून सत्तावीस काड्या मला दे, असे म्हटले. तिने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या काड्या दिल्या आणि ती थांबली. बराच वेळ ती तिसऱ्या गठ्ठ्याच्या रबराकडे बघत राहिली. मग “हा सोडू का?” असे विचारून तिने तो सोडला, त्यातल्या पाच काड्या माझ्या हातात दिल्या आणि उरलेले दोन गठ्ठे व पाच काड्या पुन्हा पुन्हा मोजल्या. वहीतले पस्तीस आणि समोरचे पंचवीस यांच्याकडे ती आळीपाळीने पाहत होती, तेव्हा मी काहीही बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

या कामाला दोन दिवसांत मिळून साधारण चाळीस मिनिटे लागली. नंतर पडताळून पाहिले तर वर्गातल्या आणखी अकरा मुलांच्या मनात हीच रीत होती, म्हणून मी पूर्ण आठवडा त्यावर घालवला. वार्षिक नियोजनाप्रमाणे त्या आठवड्यात दशांश अपूर्णांकांची वजाबाकी शिकवायची होती. महिनाअखेरीस वर्गभेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्या नोंदवहीत ‘नियोजनानुसार अध्यापन झालेले नाही’ असा शेरा लिहिला. त्या व्यक्तीला मी दोष देत नाही, कारण त्यांच्या हातातल्या तपासणीपत्रकात भाग कुठवर आला याचा रकाना होता आणि मुले कुठवर आली याचा नव्हता. तो रकाना आपण ठरवता. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

ज्या मुलीला ५२ मधून २७ कसे जातात ते कळलेले नाही, तिच्यापुढे ५.२ वजा २.७ मांडणे म्हणजे पाया न घालता वरचा मजला उभारणे आहे, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. तरीही जगभर हेच होते आहे. जागतिक बँक आणि युनेस्कोची सांख्यिकी संस्था यांनी २०१९ मध्ये केलेल्या मोजणीनुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दहा वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नव्हता. महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मधील अंदाजानुसार, हे प्रमाण ७० टक्क्यांवर पोहोचले. शाळेबाहेर असलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहेच. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालात त्यांची संख्या सुमारे २५ कोटी १० लाख दिली आहे. पण वाचता न येणाऱ्या मुलांतली बहुतेक मुले शाळेत जाणारी आहेत. ती हजेरीपटावर आहेत, बाकावर बसतात, फळ्यावरचे उतरवून घेतात आणि पुढच्या इयत्तेत जातात. त्यांच्या वह्या भरलेल्या असतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही बिघडले आहे असे वाटतही नाही.

याचे कारण मुलांच्या किंवा शिक्षकांच्या आळसात शोधले जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते. प्रिचेट आणि बीटी या दोन अभ्यासकांनी २०१२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता. अभ्यासक्रमाचा वेग मुलांच्या शिकण्याच्या वेगापेक्षा जास्त ठेवला तर दरवर्षी काही मुले मागे पडतात, एकदा मागे पडलेल्या मुलाला वर्गात बोलले जाणारे काहीच कळेनासे होते, आणि मग शाळेत घालवलेल्या पुढच्या वर्षांतून त्याच्या पदरात जवळजवळ काही पडत नाही. अभ्यासक्रमाची पातळी उंच ठेवली म्हणजे मुले उंच जातील, ही समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. केनियातील पाठ्यपुस्तकांचा प्रयोगही या संदर्भात आठवतो. ग्लेवे, क्रेमर आणि मूलिन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ग्रामीण शाळांना मोफत पाठ्यपुस्तके दिल्यावर काय झाले ते तपासले होते. सरासरी गुणांत फरक पडला नाही. जी मुले आधीच पुढे होती, तेवढ्यांनाच पुस्तकांचा उपयोग झाला, कारण पुस्तके इंग्रजीत होती, इंग्रजी ही तिथल्या अनेक मुलांची तिसरी भाषा होती आणि बाकीच्यांना ती पुस्तके नीट वाचताच येत नव्हती. पुस्तक देणे चांगलेच, पण ते कोणत्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून आणि कोणत्या भाषेत लिहिले आहे, हे आधी ठरते. मूल ज्या भाषेत विचार करते तिच्यातून त्याला पहिली अक्षरओळख व्हावी, असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच सांगून ठेवले होते. त्यावर नव्याने चर्चा करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, फक्त अंमलबजावणी उरली आहे.

यावर उपाय आहे आणि तो आजमावून झाला आहे, म्हणूनच मला लिहावेसे वाटले. बॅनर्जी, कोल, डफ्लो आणि लिंडेन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला मुंबई व वडोदरा येथील प्रयोग आपल्याला माहीत असेल. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना दिवसातले सुमारे दोन तास वेगळे बसवायचे आणि परिसरातल्याच एका तरुणीने त्यांना वाचन व अंकगणिताचे मूलभूत धडे द्यायचे, एवढीच त्याची मांडणी होती. त्या शाळांतील गुणांत स्पष्ट वाढ दिसली आणि फायदा मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना झाला. पुढे हीच कल्पना मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवण्याच्या रूपाने अनेक देशांनी स्वीकारली. यात महागडे काहीही नव्हते. मूल कुठे उभे आहे ते पाहायचे आणि तिथून सुरुवात करायची, यासाठी वेळापत्रकात जागा केली होती, इतकेच.

अशी जागा नसेल तर शिक्षकाच्या बोलण्यावरही परिणाम होतो. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या संवादाच्या ध्वनिफिती ऐकून मोजमाप केले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे दिसले. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. हे वाचल्यावर मी माझाच एक तास ध्वनिमुद्रित करून ऐकला. बहुतेक वेळा मी एका सेकंदाच्या आतच दुसऱ्या मुलाचे नाव घेत होते, आणि तेही ठरावीक पाच-सहा मुलांपैकी कोणाचे तरी. मला मुलांचे ऐकायचे नव्हते असे नाही. घड्याळाकडे पाहत, अजून दोन उदाहरणे राहिली आहेत या धसक्याने मी बोलत होते. आता मी मनात तीन आकडे मोजते, आणि पहिले काही आठवडे ती शांतता मला असह्य झाली होती हे कबूल करते. अभ्यासक्रमाचे ओझे शेवटी कुठे येऊन पडते असे कोणी विचारले, तर मी या हिरावलेल्या दोन सेकंदांकडे बोट दाखवीन.

परीक्षांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तो निर्णय सर्वस्वी आपल्या हातात आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले होते. एकाला केवळ गुण दिले, दुसऱ्याला केवळ लेखी अभिप्राय दिला आणि तिसऱ्याला गुण व अभिप्राय दोन्ही दिले. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम सुधारले आणि त्यांची गोडीही टिकली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र अभिप्रायाचा तसा लाभ झाला नाही. माझा अनुभव याला पूर्ण दुजोरा देतो. वही हातात पडली की मुले प्रथम आकडा पाहतात, मग शेजाऱ्याचा आकडा पाहतात आणि वही मिटतात. खाली मी मेहनतीने लिहिलेल्या तीन ओळी कोणी वाचत नाही.

एका सत्रात मी घटक चाचण्यांवर गुण लिहिणे बंद केले आणि प्रत्येक चुकलेल्या उदाहरणापाशी एक प्रश्न लिहायला सुरुवात केली : “इथे तू दशक कुठून आणलास?” किंवा “हे उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे कसे आले?” मुलांनी त्या प्रश्नाचे उत्तर वहीतच लिहायचे, असा नियम केला. दुसऱ्याच आठवड्यात पालक विचारायला आले की गुण कुठे आहेत आणि आमचा मुलगा कितवा आला. त्यांची काळजी खोटी नव्हती. पुढच्या प्रत्येक दाराशी त्यांच्या मुलाला आकडाच विचारला जाणार आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मी त्यांच्यापैकी काहींना वर्गात बसवून मुलांनी लिहिलेली उत्तरे दाखवली, तेव्हा बहुतेकांचे समाधान झाले. परंतु सत्रअखेरीस प्रत्येक चाचणीचे गुण ठरलेल्या नमुन्यात भरून देणे सक्तीचे असल्यामुळे मला तो उपक्रम सोडून द्यावा लागला.

यावरून मी चाचण्यांच्या विरोधात आहे, असा अर्थ कृपया काढू नये. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवले की, एखादा उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी तो जास्त आठवतो, पण आठवड्यानंतर विचारले तर वाचून झाल्यावर आठवून लिहिण्याचा सराव केलेले लोक पुढे असतात. आठवण्याचा प्रयत्न हाच शिकण्याचा भाग आहे. म्हणून छोट्या, वारंवार आणि बिनगुणांच्या चाचण्या मला हव्याच आहेत. मागच्या महिन्यातले दोन प्रश्न, कालचा एक, पाच मिनिटांत आठवून लिहायचा, आपणच तपासायचा आणि चुकला तर विचारायचा, अशी सवय मुलांना लागली की परीक्षेची भीती कमी होते आणि घोकंपट्टीही कमी होते. गुण वर्षअखेरीच्या परीक्षेला द्यावेत. मधल्या काळात मात्र मुलाला निर्धास्तपणे चुकता यावे, अशी माझी विनंती आहे.

आता नव्या साधनांकडे वळते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहून देणारे चॅटजीपीटी हे साधन सर्वांसाठी खुले झाले आणि गृहपाठाचा अर्थच बदलला. आठवीतल्या एका मुलाने गुणोत्तराचे अवघड शाब्दिक उदाहरण सोडवून आणले. मांडणी देखणी होती, ‘समजा पहिली राशी क्ष आहे’ अशी सुरुवात होती आणि मी न शिकवलेली एक पायरी त्यात होती. ती पायरी समजावून सांग, असे म्हटल्यावर तो खाली मान घालून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, उत्तर कळलं, पण असं का केलं ते नाही कळलं.” हा मुलगा प्रामाणिक होता आणि त्याच्या त्या वाक्यात या साधनाविषयीची माझी सगळी काळजी आली आहे. त्याला न कळण्याची जी अस्वस्थता काही काळ सोसायची होती, ती साधनाने त्याच्याकडून काढून घेतली होती.

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. गणिताचा सराव करताना ज्यांना थेट उत्तरे देणारे साधन वापरू दिले, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते, साधन कधीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाला दिलेले साधन उत्तर सांगत नव्हते, शिक्षकांनी तयार करून दिलेल्या सूचनांच्या आधारे केवळ पुढचा धागा दाखवत होते. त्या गटाचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही. म्हणजे साधन वापरावे की वापरू नये, हा वाद पुरेसा नाही. साधन कोठे थांबते आणि मुलाला कोठून स्वतः चालायला लावते, हे पाहावे लागते, आणि ते ठरवायला मुलांच्या चुका ओळखणारा शिक्षक लागतो. पेरू देशाने शाळकरी मुलांसाठी ८ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले, आणि त्यावरचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत त्यामुळे फरक पडल्याचे आढळले नाही. यंत्रे पोहोचली होती, पण त्यांच्याभोवतीचे शिकवणे होते तसेच राहिले होते. तंत्रज्ञानाची खरेदी करण्यापूर्वी आपल्या समित्यांनी हा एक अहवाल तरी मुळातून वाचावा.

माझ्या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, आशय कमी केला तर हुशार मुलांचे नुकसान होईल. माझ्या वर्गात ज्यांची उदाहरणे भराभर सुटतात, त्यांना मी विचारते की ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ आले असेल तर त्या मुलाने काय केले असावे, आणि हीच चुकीची रीत वापरूनही उत्तर बरोबर येईल अशा संख्यांच्या किती जोड्या सापडतील. या प्रश्नांवर ती मुले दोन-दोन तास रंगून जातात. पुढच्या इयत्तेची पाने मागे ओढून आणण्यापेक्षा हे काम त्यांच्यासाठी जास्त खोल आहे, असे मी अनुभवाने सांगते.

दुसरा आक्षेप मला अधिक छळतो. मागे पडलेल्या मुलांसाठी थांबा म्हणताना, ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत आणि शिकवायला कोणी नाही अशा मुलांना आपण कायमचे सोपे शिक्षण देऊन बसणार नाही ना? हा धोका खरा आहे. पातळीप्रमाणे बसवलेल्या मुलांची कायमची तुकडी झाली की त्या मुलांवर शिक्का बसतो आणि शिक्षकांच्या अपेक्षाही खाली येतात. म्हणून अशी गटवारी दिवसातल्या एक-दोन तासांपुरतीच असावी, दर काही आठवड्यांनी मुलांना पुन्हा तपासून गट बदलावेत, आणि उरलेला सगळा दिवस सर्व मुलांनी एकत्र बसावे, असा माझा आग्रह आहे. पण या धोक्याचे कारण पुढे करून, ज्या मुलाला अक्षरे लागत नाहीत त्याच्यापुढे आठ पानांचा धडा ठेवून समानता पाळली असे मानणे मला अजिबात पटत नाही.

यासाठी शिक्षकही हवेत. २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षकांची गरज भासेल, असा युनेस्कोचा अंदाज आहे, आणि जे आहेत त्यांचा बराच वेळ तक्ते भरण्यात जातो. या विषयावर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी एवढेच म्हणते की, मुलांच्या चुका वाचायला शिकवणारे प्रशिक्षण मला चोवीस वर्षांत एकदाही मिळालेले नाही. जे थोडे येते ते वह्या घेऊन मुलांशेजारी बसून आले आहे.

आपण पुढचा अभ्यासक्रम ठरवायला बसाल तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या कामाच्या दिवसांपैकी एक पंचमांश दिवस मोकळे सोडावेत, त्यांवर कोणताही घटक टाकू नये आणि ते दिवस कुठे वापरायचे हे वर्गशिक्षकावर सोपवावे, अशी माझी मागणी आहे. हे दिवस काढायचे तर काही घटक वगळावे लागतील. तो निर्णय कठीण आहे, कारण प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञाला आपला घटक अत्यावश्यक वाटतो, आणि त्याच्या दृष्टीने तो असतोही. तरीही यापुढे समितीत एखादा नवा घटक सुचवणाऱ्या सदस्याने त्याच्या बदल्यात कोणता घटक काढायचा, हे त्याच बैठकीत सांगावे, असा नियम आपण करू शकता. तपासणीपत्रकात ‘भाग कुठवर आला’ या रकान्याशेजारी ‘कोणत्या कारणासाठी थांबलात आणि मुलांमध्ये काय फरक दिसला’ असा एक रकाना घालावा. घटक चाचण्यांचे गुण भरून देण्याची सक्ती काढावी. नव्या साधनांना मान्यता देताना ती उत्तर हातात देतात की मुलाला विचार करायला लावतात, हे शिक्षकांकडून वर्गात वापरून तपासून घ्यावे.

शक्य असेल तर बैठकीच्या आदल्या आठवड्यात आपल्यापैकी प्रत्येकाने एका साध्या वर्गात, पूर्वसूचना न देता आणि कोणताही अहवाल न लिहिता, एका मुलाशेजारी अर्धा तास बसावे आणि त्याच्या वहीतल्या चुकलेल्या उदाहरणावर बोट ठेवून “हे तू कसे काढलेस?” एवढेच विचारावे. गेल्या काही वर्षांत मी मुलांची चुकलेली उत्तरे नावे काढून टाकून, चुकीच्या प्रकारानुसार लावून ठेवली आहेत. वजाबाकी, अपूर्णांक, दशांश आणि शाब्दिक उदाहरणे असे त्यांचे चार जाड गठ्ठे झाले आहेत. आपल्या समितीला त्यांचा उपयोग होणार असेल, तर मी ते घेऊन केव्हाही यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
गणिताची एक शिक्षिका